जळगावहून न्यू जर्सीला पापड-मसाले: समुद्रमार्गे सामायिक कंटेनर सेवेचा आढावा

जळगाव शहरात शाखा आणि मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात मुख्य कारभार असलेल्या एका फ्रेट फॉरवर्डरमार्फत, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था लावून देणाऱ्या मध्यस्थामार्फत, आमचा गृहउद्योग गेली काही वर्षे अमेरिकेला माल पाठवत आहे. माल म्हणजे उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया, काळा मसाला, कैरीचे लोणचे आणि मध्यंतरी काही काळ केळीचे वेफर्स. घेणारे न्यू जर्सीतील एडिसनचे एक किराणा दुकानदार आहेत, मूळचे अमळनेरचे. पूर्ण कंटेनर भरेल इतका माल आमच्याकडे कधीच नसतो, त्यामुळे अनेक व्यापाऱ्यांचा माल एकाच कंटेनरमध्ये भरून नेण्याची जी सेवा व्यवहारात एलसीएल या नावाने ओळखली जाते, ती आम्ही घेतो. कंपनीचे नाव येथे दिलेले नाही, कारण जे खटकले ते या धंद्यात सर्रास चालते आणि जे आवडले ते कोणत्याही फॉरवर्डरकडे हक्काने मागता येते.

पापड, बिबडे, कुरडया आणि मसाला यांच्यासाठी ही सेवा जरूर घ्यावी; वेफर्ससाठी घेऊ नये; लोणच्याच्या बाबतीत मात्र बरणी आणि कागदपत्रे या दोहोंची खात्री असेल तरच घ्यावी, असे आमचे मत झाले आहे. भाड्याविषयी इतकेच आधी सांगतो की फोनवर जो दर कळवला जातो तो एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो, आणि फॉरवर्डरची पारख त्या दरावरून करू नये.

समुद्रमार्गच का, याचे उत्तर सरळ आहे. कुरिअरने पाठवलेल्या पापडाच्या खोक्याचे भाडे आतल्या पापडाच्या किमतीच्या वर जाते, आणि घरगुती भेटवस्तू म्हणून थोडा थोडा माल पाठवण्याची जी वाट अनेक जण धरत असत, तीही अरुंद झाली आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद झाली, आणि त्याच सुमारास भारतीय टपाल खात्यानेही तिकडची पार्सले काही काळ थांबवली होती. दुकानात विकायचा माल तसाही रीतसर व्यापारी माल म्हणूनच जायला हवा. आयात शुल्काचे दर अलीकडे इतक्यांदा बदलले आहेत की माल निघण्याआधी दर वेळी घेणाऱ्याने आपल्या तिकडच्या कस्टम ब्रोकरला विचारून घेणे बरे. जुन्या बिलावरचा दर गृहीत धरून भाव ठरवू नये.

एलसीएलचे भाडे घनमीटरवर किंवा टनावर, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारतात, आणि त्यासाठी एक घनमीटर जागा व एक हजार किलो वजन समान धरतात. आमच्या पापडाचे मूळ खोके ४५ बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचे होते. त्यात साधारण १२ किलो पापड बसतात आणि ते ०.०४०५ घनमीटर जागा घेते. अशी ४८ खोकी म्हणजे वजन ५७६ किलो आणि जागा १.९४ घनमीटर, त्यामुळे भाडे अर्थातच जागेचे लागते. त्याच मापाच्या खोक्यात वेफर्स मात्र जेमतेम अडीच किलो बसतात, कारण प्रत्येक पाकीट नायट्रोजन भरून फुगवलेले असते. म्हणजे जेवढ्या भाड्यात ५७६ किलो पापड जातात तेवढ्यातच १२० किलो वेफर्स जातात. विमानानेही वेफर्सची सुटका नाही, कारण तेथे लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकाराला ६००० ने भागून येणारे वजन धरतात आणि अडीच किलोचे हे खोके कागदावर पावणेसात किलोचे होऊन बसते. वेफर्सच्या भाड्यात आपण मुख्यतः हवा पाठवण्याचे पैसे देतो, हे लक्षात घेतल्याशिवाय या धंद्यात उतरू नये.

पॅलेटचा, म्हणजे खोकी रचण्याच्या लाकडी चौथऱ्याचा, हिशेब आम्हाला जळगाव शाखेतील कर्मचाऱ्याने कोऱ्या कागदावर आकृती काढून समजावला, आणि या सेवेला आम्ही जे गुण देतो त्यांत याचा मोठा वाटा आहे. १२० बाय १०० सेंटिमीटरच्या पॅलेटवर आमची खोकी एका थरात आठ बसत आणि सहा थरांत ४८ होत. पण एका बाजूला दहा सेंटिमीटरची पट्टी रिकामी राहत असे, खाली पॅलेटची १५ सेंटिमीटर उंची धरावी लागत असे आणि मोजमाप अखंड पॅलेटचे होत असे. त्यामुळे १.९४ घनमीटर मालाचे बिल २.३४ घनमीटरचे येई. त्याच्या सांगण्यावरून खोक्याची लांबी ५० सेंटिमीटर करून घेतल्यावर ती पट्टी नाहीशी झाली. बिल तेवढेच राहिले, पण प्रत्येक खोक्यात जास्तीची पाकिटे जाऊ लागली. पॅलेटशिवाय सुटी खोकी दिली तर भाडे वाचते, हे खरे. मात्र सुट्या खोक्यांना जळगावचा हमाल, न्हावा शेव्याचा सीएफएस (कंटेनर भरण्याचे बंदराजवळचे गोदाम), तिकडचे गोदाम आणि शेवटचा ट्रक असे किमान चार जणांचे हात लागतात, आणि पापड हा काही आपटून घेण्याचा पदार्थ नव्हे. बिबडे आणि कुरडया तर त्याहून नाजूक. पॅलेटचे लाकूड ५६ अंश तापमानाला ३० मिनिटे उष्णता दिलेले आणि त्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का मारलेले असावे लागते. जळगावात सुताराकडून स्वस्तात ठोकून घेतलेले बिनशिक्क्याचे पॅलेट तिकडच्या बंदरावर अडवले जाते, म्हणून पॅलेट फॉरवर्डरकडूनच घ्यावे, थोडे महाग पडले तरी.

आता पैशांविषयी. पहिल्या दरपत्रकात समुद्रभाडे ठळक अक्षरांत होते, खाली भारतातील हाताळणी, सीएफएस, कागदपत्रे आणि कस्टम क्लिअरन्स यांचे आकडे होते, आणि सर्वांत शेवटी बारीक अक्षरांत एकच ओळ होती: डेस्टिनेशन चार्जेस ॲट ॲक्च्युअल, म्हणजे माल पोहोचल्यावर तिकडे जो खर्च येईल तो. शाखेतून फोन आला तेव्हा, "भाऊ, अमेरिकेचं भाडं एवढं कमी दुसरीकडं कुठं मिळणार नाही," असे सांगितले गेले आणि ते शब्दशः खरे होते. एलसीएलच्या बाजारात समुद्रभाडे काही मार्गांवर नाममात्र, प्रसंगी शून्यही सांगितले जाते, कारण माल एकत्र करणारी कंपनी आपला नफा माल उतरतो त्या, म्हणजे अमेरिकेच्या टोकाला वसूल करते. तिकडच्या गोदामात कंटेनर रिकामा करण्याचा खर्च, बंदरातील हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डरची फी, कागदपत्रांची फी आणि मोफत दिवस उलटले की दररोज चढणारे गोदामभाडे हे सगळे मालाचा ताबा घेणाऱ्याला भरावे लागते, आणि ते भरल्याशिवाय माल सुटत नाही. आमच्या दुकानदारांना पहिल्या खेपेला आलेले बिल समुद्रभाड्याच्या कित्येक पट होते. त्यांनी फोन करून, "अहो, यापेक्षा इथल्याच होलसेलरकडून पापड घेतले असते," असे ऐकवले, आणि त्यांचे काही चुकलेही नव्हते.

यावर उपाय आहे, फक्त तो मागून घ्यावा लागतो. दुसऱ्या टोकाच्या प्रत्येक खर्चाचा घनमीटरमागे दर, किमान आकारणी आणि मोफत दिवसांची संख्या लेखी द्या, असे आम्ही ईमेलने कळवले. पहिले उत्तर, ते आमच्या हातात नाही, तिकडच्या एजंटवर अवलंबून आहे, असे आले. तोच प्रश्न आम्ही दुसऱ्या दोन फॉरवर्डरांना पाठवून त्याची प्रत यांनाही दिली, तेव्हा मात्र त्या एजंटचे संपूर्ण दरपत्रक आले, आणि तेव्हापासून दर खेपेला न मागता येते. ही माहिती त्यांच्याजवळ पहिल्यापासून होती, हे उघड आहे. या सेवेबद्दल आमची सर्वांत मोठी नाराजी हीच.

याच संदर्भात विक्रीच्या अटींचा विचार करावा. सीआयएफ अटीवर, म्हणजे तिकडच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा आपण भरून, माल पाठवला, तर तिकडचा एजंट आपला फॉरवर्डर ठरवतो आणि ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही त्या एजंटचे बिल आपला ग्राहक भरतो. ग्राहकाने स्वतःचा फॉरवर्डर नेमला, तर तिकडचे दर ठरवणे त्याच्या हाती राहते. आपल्याकडे अशा वेळी सवयीने एफओबी लिहितात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची. पण एलसीएलमध्ये आपण माल जहाजावर चढवत नाही, सीएफएसच्या दारात सोपवतो, आणि त्या दारापासून जहाजापर्यंतच्या काळात माल खराब झाला तर एफओबीप्रमाणे जबाबदारी आपलीच राहते. कंटेनरमधून जाणाऱ्या मालाला एफसीए, म्हणजे ठरलेल्या जागी वाहतूकदाराकडे माल सोपवताच जबाबदारी संपते, ही अट योग्य आहे, असे विक्रीच्या या अटींचे, म्हणजे इन्कोटर्म्सचे, नियम करणारे आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सच सांगते. आमचा फॉरवर्डर यावर स्वतःहून काही बोलला नाही, आणि त्याने बोलावे अशी अपेक्षाही नाही, कारण सीआयएफमध्येच त्याचा फायदा असतो.

भारताकडील कागदपत्रांचे काम मात्र या मंडळींनी चोख केले. आयात-निर्यात संकेतांक, बँकेच्या एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा संकेतांक) न्हावा शेवा बंदरासाठी नोंदणी, जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी दर आर्थिक वर्षाला द्यावे लागणारे एलयूटी हे हमीपत्र, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा म्हणजे एफएसएसएआयचा परवाना, पापड-लोणच्यासाठी अपेडा या कृषी व प्रक्रिया अन्न निर्यातीच्या सरकारी संस्थेची आणि मसाल्यासाठी स्पायसेस बोर्डाची नोंदणी, ही यादी त्यांनी माल उचलण्याच्या कितीतरी आधी तपासून घेतली. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज, भरण्यापूर्वी त्याची चेकलिस्ट मंजुरीसाठी येते, ती त्यांनी प्रत्येक वेळी पाठवली आणि आम्ही दाखवलेल्या दुरुस्त्या केल्या. कस्टम्सच्या वर्गवारीत पापड १९०५ या संकेतांकात, लोणचे २००१ मध्ये, मसाला ०९१० मध्ये अशी विभागणी बिलात स्वतंत्र ओळींवर हवी. सगळ्याला मिळून खाद्यपदार्थ असे मोघम लिहिण्याचा सोपा मार्ग काही कस्टम ब्रोकर घेतात, आणि तो पुढे अमेरिकेत महागात पडतो. या कामाला आमच्याकडून पूर्ण गुण.

अमेरिकेच्या बाजूचे नियम कडक आहेत आणि फॉरवर्डरची जबाबदारी नेमकी कोठे संपते हे तेथेच कळते. माल बनवणाऱ्या कारखान्याची एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, नोंदणी लागते, त्यासाठी अमेरिकेत राहणारा प्रतिनिधी नेमावा लागतो आणि ही नोंदणी दर सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात नव्याने करावी लागते. समुद्रमार्गे येणाऱ्या खाद्यपदार्थांची पूर्वसूचना माल पोहोचण्याच्या किमान आठ तास आधी एफडीएला द्यावी लागते. आयातदाराची सुरक्षा माहिती, ज्याला आयएसएफ म्हणतात, ती तर माल भारतात जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी गेली पाहिजे, आणि त्यात हयगय झाल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या फॉरवर्डरने या दोन्ही गोष्टी वेळेत केल्या, आणि त्यासाठी लागणारी माहिती कंटेनर भरण्याच्या बरीच आधी मागून घेतली. दरपत्रकात मात्र या कामासमोर एफडीए क्लिअरन्स असे लिहिले होते, ते दिशाभूल करणारे आहे. पूर्वसूचना देणे म्हणजे मंजुरी मिळणे नव्हे. परदेशी पुरवठादाराची पडताळणी करण्याची, म्हणजे एफएसव्हीपीची जबाबदारी कायद्याने आयातदारावर असते आणि त्यासाठी धोक्यांचे विश्लेषण, तपासणीचे अहवाल आणि स्वच्छतेच्या नोंदी आपल्यालाच पुरवाव्या लागतात. फॉरवर्डरने एफडीएचे सगळे बघतो असे म्हटले, तर त्याचा अर्थ एक ऑनलाइन अर्ज भरून देणे एवढाच घ्यावा.

लेबलच्या बाबतीत कोणताही फॉरवर्डर वाचवू शकत नाही. बिबड्यांच्या चिकात आपल्याकडे तीळ, लसूण, जिरे आणि मिरची घालतात. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ ठरला आहे, त्यामुळे पाकिटावर तिळाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर माल बाजारातून परत बोलावण्याची वेळ येते. आमच्या पाकिटावर घटकांच्या यादीत तीळ होते, पण मराठी नावाने. शाखेतील त्याच कर्मचाऱ्याने पाकिटाचा फोटो पाहताक्षणी हे निदर्शनास आणले आणि छपाई थांबवायला सांगितले. काळ्या मसाल्यातही खोबऱ्याबरोबर तीळ भाजून घालणारी घरे आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. निव्वळ वजन ग्रॅम आणि औंस अशा दोन्ही मापांत, घटक उतरत्या प्रमाणाने, पोषणमूल्यांचा तक्ता अमेरिकी नमुन्यात आणि भारतीय उत्पादन असल्याचा उल्लेख, एवढे झाल्याशिवाय पाकिटे छापायला टाकूच नयेत. मसाल्याची साल्मोनेला या जंतूंसाठी आणि कीटकनाशकांच्या अंशांसाठी प्रयोगशाळेची तपासणीही आवश्यक आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक रसायनाच्या कारणाने कारवाई केल्यानंतर लहान उत्पादकांकडेही अहवाल मागितले जाऊ लागले आहेत.

जळगाव ते न्हावा शेवा हे अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या घरात आहे. धुळ्यावरून मुंबई-आग्रा महामार्गाला लागून नाशिक आणि कसारा घाट करत ट्रक जातो. या टप्प्याबद्दल काही तक्रार नाही. गाडी वेळेवर आली, ताडपत्री धड होती, बिल्टीवर खोक्यांची संख्या बरोबर होती.

खरा प्रश्न त्यापुढच्या मुक्कामाचा. सीएफएसमध्ये माल गोळा होऊन कंटेनर भरेपर्यंत काही दिवस जातात, आणि जून ते सप्टेंबरमध्ये उरणच्या दमट हवेत हे दिवस पापडाला मानवत नाहीत. समुद्रावर दिवसा तापणाऱ्या आणि रात्री थंड होणाऱ्या कंटेनरच्या छताला आतून पाणी सुटते आणि ते खाली मालावर ठिबकते. उन्हात उभ्या कंटेनरच्या छतालगत तापमान ५० अंशांच्या वर जाते, हे ऐकून जळगावच्या मे महिन्याला सरावलेल्या माणसानेही दचकावे. यासाठी पापडाचे प्रत्येक पाकीट ओलावा रोखणाऱ्या जाड फिल्मचे, खोक्याच्या आत प्लास्टिकची अखंड पिशवी, खोके सात पदरी पुठ्ठ्याचे, आणि पॅलेटच्या माथ्यावर पुठ्ठ्याचा जास्तीचा पत्रा, असे पॅकिंग आम्ही ठेवले आहे. कंटेनरमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या लावणे हे मात्र कंटेनर भरणाऱ्याचे काम, आणि त्याचा आग्रह लेखी धरावा लागतो. लावल्याचा फोटो मागावा. आम्हाला तो मागितल्यावर मिळाला.

सामायिक कंटेनरचा सगळ्यात मोठा दोष शेजाराचा आहे. एका खेपेत बिबड्यांची खोकी एडिसनला उघडली तेव्हा त्यांना अगरबत्तीचा वास येत होता. खोकी कोरडी होती, शिक्के शाबूत होते, एक बिबडाही तुटलेला नव्हता, पण तळलेल्या बिबड्याला पहिल्या घासात चंदन आणि मागून लसूण लागावा हे कोण खपवून घेणार? शेजारच्या पॅलेटवर काय होते हे फॉरवर्डरने सांगितले नाही, ते सांगायची त्यांना मुभाही नसते. नुकसानभरपाईचा विषय त्यांनी विमा कंपनीकडे ढकलला. तेव्हापासून बुकिंगच्या ईमेलमध्ये हा खाद्यपदार्थ आहे, अगरबत्ती, अत्तर, चामडे, रसायने आणि रबर यांच्याबरोबर भरू नये, अशी ओळ आम्ही घालतो आणि बुकिंग नोटवर ती उतरल्याचे पाहून घेतो. पुन्हा वास आला नाही, परंतु अशा कंटेनरची वाट पाहण्यात एकदा जहाज हुकले, हेही नमूद केले पाहिजे. एकाच कंटेनरमधल्या दुसऱ्या कोणाच्या मालाची अमेरिकी कस्टम्सने तपासणी काढली तर आपलाही माल थांबतो आणि तपासणीच्या खर्चाचा वाटा आपल्या ग्राहकाच्या बिलात येतो. यावर कोणाचाच इलाज नाही.

वेळेचे गणित गेल्या काही वर्षांत बिघडले आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली आणि प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. जळगावातून ट्रक निघाल्यापासून दुकानाच्या फळीवर पाकीट लागेपर्यंत दोन ते अडीच महिने धरावेत, आणि फॉरवर्डर सांगतो ते दिवस फक्त बंदर ते बंदर असतात हे विसरू नये. उडदाचे पापड आणि मसाला यांची मुदत वर्षभराच्या आसपास असल्याने त्यांना हे परवडते. चार महिन्यांची मुदत असलेल्या वेफर्सचे काय होणार, हे सांगायला नको. नायट्रोजन कितीही भरला तरी तापलेल्या कंटेनरमधील आठवडे तेलाला खवट करतात, आणि फळीवर पोहोचलेल्या पाकिटावर दुकानदाराला विकायला पाच-सहा आठवडे उरतात. भाड्याचे वर लिहिलेले गणित आणि हे मुदतीचे गणित एकत्र पाहिल्यावर आम्ही वेफर्स बंद केले. यात फॉरवर्डरचा दोष काही नाही. फक्त बुकिंग घेताना, किती मुदतीचा माल आहे, असा प्रश्न त्याने एकदा तरी विचारायला हवा होता.

लोणच्याचा प्रश्न वेगळा आहे. काचेच्या बरणीला वजन फार, आणि फुटली की तेल पूर्ण पॅलेटभर पसरून पापडाच्या खोक्यांपर्यंत पोहोचते. म्हणून लोणच्याला वेगळे पॅलेट द्यावे आणि झाकणाखाली चिकटवलेले ॲल्युमिनियमचे सील असलेली प्लास्टिकची बरणी वापरावी. बरणी बंद केल्यावर ती काही तास आडवी ठेवून पाहणे ही आमच्याकडच्या बायकांची रीत कोणत्याही यंत्राहून भरवशाची निघाली. आंबट करून टिकवलेल्या, म्हणजे पीएच ४.६ किंवा त्याहून कमी आणि पाण्याची सक्रियता (जंतूंच्या वाढीला उपलब्ध असलेल्या पाण्याचे माप) ०.८५ पेक्षा जास्त असलेल्या पदार्थांना अमेरिकेत ॲसिडिफाइड फूड्सचे वेगळे नियम लागू होऊ शकतात, आणि ते लागू झाले तर कारखान्याची आणि प्रक्रियेची स्वतंत्र नोंद एफडीएकडे करावी लागते. आपले लोणचे या व्याख्येत बसते की नाही, हे खाद्यतंत्रज्ञाकडून मोजमापासह लेखी घ्यावे. फॉरवर्डरच्या, सगळेच पाठवतात हो, या उत्तरावर विसंबू नये.

विम्याबाबत शाखेने दिलेला सल्ला अर्धवट होता. जहाज कंपनीची जबाबदारी असतेच, मग विमा कशाला, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेच्या १९३६ च्या समुद्री मालवाहतूक कायद्यानुसार जहाज कंपनीची जबाबदारी एका नगामागे ५०० डॉलरपर्यंत मर्यादित आहे. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावर घेतलेल्या मालाच्या पावतीवर, १ पॅलेट एवढेच लिहिले असेल तर नग म्हणजे ते अखंड पॅलेट, असा वाद उभा राहतो. म्हणून १ पॅलेटवर ४८ खोकी असे स्पष्ट लिहवून घ्यावे. आमच्या पहिल्या मसुद्यात ते नव्हते, सांगितल्यावर त्याच दिवशी दुरुस्त झाले. शिवाय जनरल ॲव्हरेज नावाचा प्राचीन नियम आजही लागू आहे: जहाज वाचवण्यासाठी झालेल्या खर्चात सर्व मालधारकांना वाटा उचलावा लागतो. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाच्या मालकांनी तो लावला होता, आणि अशा वेळी विमा नसलेल्याचा माल अनामत भरल्याशिवाय सुटत नाही. सीआयएफ किमतीच्या ११० टक्के रकमेचा, सर्व जोखमींचा विमा घ्यावा. मात्र पदार्थाच्या अंगच्या गुणाने झालेला बिघाड आणि उशिरामुळे झालेले नुकसान त्यात बसत नाही, हेही वाचून ठेवावे. पापड पुरेसे न वाळवता भरले आणि बुरशी आली, तर विमा कंपनी हात वर करणार.

संपर्काच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. जळगाव शाखेत फोन उचलला जातो, माणूस ओळखतो, चहाही विचारतो. न्हावा शेव्याकडून मात्र माल पुढच्या जहाजावर ढकलला गेल्याची बातमी आम्हाला दोनदा आमच्याच चौकशीतून कळली. ट्रॅकिंगचे संकेतस्थळ आहे, पण त्यावर फक्त कंटेनरची जहाजावरची हालचाल दिसते. तिकडच्या गोदामात कंटेनर उघडला की नाही, मोफत दिवस कधी सुरू झाले, ही जी माहिती पैशाशी थेट निगडित आहे ती दिसत नाही. ती एजंटला ईमेल करून घ्यावी लागते, आणि हे काम आमच्या दुकानदारांनी स्वतःकडे घेतले आहे.

खान्देशात पापड-कुरडयांचे काम उन्हाळ्यात होते आणि परदेशातली मोठी मागणी दिवाळीची असते. दिवाळीसाठी फळीवर माल हवा असेल तर तो उशिरात उशिरा जुलैअखेर निघायला हवा, म्हणजे नेमका भर पावसात. त्यामुळे आम्ही आता मे महिन्यातच माल वाळवून, तपासणी करून, पहिल्या पावसाआधी न्हावा शेव्याला पोहोचेल असे बुकिंग करतो, आणि दुकानदार तो लवकर ताब्यात घ्यायला तयार असतात. या काळात फॉरवर्डरकडे गर्दी कमी असते, कंटेनरमधील शेजारी निवडण्याची आपली अट मान्य होते आणि दरही बोलून थोडे खाली येतात. दर ठरला की त्याची मुदत तारखेसह लेखी घ्यावी. फोनवर ठरलेला दर महिना उलटल्यावर बदललेला असतो.